चादरीवरून सुटलेला बोल्ट

मी एक बोल्ट बोलतोय. बोटाच्या दोन पेरांएवढा लांब, सहा कोनी डोक्याचा, तेरा नंबरचा पाना लागणारा. जरा सावकाश सांगेन, कंटाळू नका. आम्ही आत जातो तेही एकेक आटा करत आणि बाहेर येतो तेही एकेक आटा करत. पळत सुटलेला बोल्ट तुम्ही पाहिला नसेल. मी एकदा सुटलो, तर एका घरातली माणसं अख्खी दुपार एकमेकांशी धड बोलली नाहीत. तीच गोष्ट सांगायची आहे.

जन्म माझा कारखान्यातला. एका दिवसात किती जन्मलो कुणी मोजलं नाही, आम्ही सगळे एकसारखे. एका बाईनं मला ट्रेमधून उचललं, नव्या मोटारसायकलच्या मागच्या चाकाशी नेलं आणि ब्रेकच्या पट्टीत घालून आवळलं. तिची बोटं गार होती. ती शेजारणीला सांगत होती की आज घरी जाऊन नुसती झोपणार. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. पण बसवलं असं, की पुढं पंचवीस-तीस वर्षं मी जागचा हललो नाही.

माझं काम समजायला सोपं आहे. ब्रेक दाबला की चाक थांबतं, पण त्या चाकाचा सगळा हिसका ब्रेकच्या डब्यावर येतो. त्या डब्याला एक लोखंडी पट्टी धरून ठेवते, आणि त्या पट्टीला मी. मी नसलो तर डबा चाकाबरोबरच फिरायला बघतो. मग गाडी कुठं जाईल आणि वर बसलेलं माणूस कुठं जाईल, ते मी बोलत नाही.

गाडी घेतली एका शिंप्यानं. सगळे त्याला मास्तर म्हणायचे, म्हणून मीही मास्तरच म्हणतो. रस्त्याला लागून दुकान, मागं घर, मध्ये अंगण. मास्तर शिवलेले कपडे गाडीवरून पोचवायचे. पुढं टाकीवर लहान लेक बसायची. शाळेचं दार आलं की मास्तर मुद्दाम जोरात ब्रेक दाबायचे आणि ती खिदळायची. तो जोर माझ्यावर यायचा. मला आवडायचा.

मग गाडी एकदा बंद पडली ती पडलीच. दुकानाच्या कोपऱ्यात उभी राहिली. आधी तिच्या हँडलवर एक पँट आली, काजं करायची राहिलेली. मग दोन कोट आले. मग सीटवर कापडाचे गठ्ठे. काही वर्षांनी नवीन गिऱ्हाइकाला तिथं मोटारसायकल आहे हेच कळायचं नाही. एकानं तर विचारलं, "मास्तर, हे कपडे वाळत घालायचं स्टँड कुठून आणलंत?"

माणसं वस्तू टाकत नाहीत, तिच्यावर दुसरी वस्तू ठेवतात. एवढं मी त्या कोपऱ्यात शिकलो.

नंतर मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला. सुईत दोरा ओवताना तीनदा हुकायला लागले, तेव्हा त्यांनी स्वतःच दुकान बंद केलं. आठवडाभर घरात बसले आणि मास्तरीणबाईंना कांदा कसा चिरावा ते सांगायला लागले. आठव्या दिवशी बाई म्हणाल्या, "अहो, तुमचा हात कशात तरी गुंतवा. नाहीतर मी तुम्हाला गठ्ठ्यात बांधून ठेवीन."

त्याच सुमारास लेकीची बदली ठरली. ती नर्स. तिचा नवरा दूर नोकरीला, म्हणून ती आणि तिची पाच वर्षांची मुलगी आईवडिलांकडंच राहायच्या. नवं हॉस्पिटल टेकडीच्या पलीकडं, ड्युटी सकाळी सातची आणि पहिली बस साडेआठची. बदलीला आठ-नऊ महिने अवकाश होता. मास्तर उठले, कोपऱ्यातले गठ्ठे काढले आणि म्हणाले, "पोरी, तुझ्या पहिल्या दिवसाला ही गाडी तयार. माझा शब्द."

लेक हसली. "बाबा, शर्ट नाही तो."

"शर्टापेक्षा सोपं आहे. शर्ट अंगाला बसावा लागतो. हिच्यावर आपण बसायचं."

गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेजवाला आहे. जरा तोंडाळ, पण मनानं बरा. तो मदतीला यायचा, म्हणजे चहाला यायचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "मास्तर, खोलताना सगळे नटबोल्ट एका डब्यात टाका. हरवणार नाहीत."

"एका डब्यात टाकले की सगळे एकसारखे. कॉलरचं कुठलं, बाहीचं कुठलं, कळायचं कसं?"

मास्तरांनी मग त्यांची स्वतःची तऱ्हा काढली. कपाटातून एक पांढरी चादर आणली.

"अहो, ती पाहुण्यांची आहे," मास्तरीणबाई दारातून म्हणाल्या.

"पाहुणे येतात कुठं?"

"चादर गेली की येतील. माझं नशीब मला ठाऊक आहे."

मास्तरांनी ती कापायच्या टेबलावर पसरली, टेपनं गाडीची मापं घेतली आणि शिंप्याच्या चपट्या खडूनं चादरीवर अख्खी मोटारसायकल काढली, अगदी खऱ्या मापाची. गाडीतून एकेक बोल्ट निघाला की ते तो रॉकेलात बुडवून पुसायचे आणि चादरीवर त्याच्या त्याच्या जागी दोऱ्यानं शिवून टाकायचे. बटण शिवतात तसं, चार वेढे आणि मागं गाठ. सुईत दोरा ओवून द्यायला नात. तिला ते गुंडी म्हणायचे, कारण ती तशीच होती, गोल आणि कायम कुठंतरी अडकलेली.

माझी पाळी आली तेव्हा मास्तरांनी मला आधी ओठांत धरलं. टाचण्या धरायची जुनी सवय. काम करताना त्यांच्या ओठांत चार-पाच बोल्ट असायचेच. मग चादरीवर मागच्या चाकापाशी मला शिवलं. चादर भिंतीवर टांगली तेव्हा ते लांब उभे राहून म्हणाले, "आता कसली भीती नाही. ही चादर रिकामी झाली की गाडी झाली."

हे वाक्य लक्षात ठेवा. चूक याच वाक्यात होती.

आठ महिने मी भिंतीवर होतो. तिथून सगळं दिसायचं. मास्तरांनी सांगाडा पॉलिश पेपरनं घासला, टाकीतला पोचा ठोकून काढला, काळा रंग दिला. सीटचं कव्हर तर त्यांनी असं शिवलं की कुणाही वराचा कोट फिका पडावा. दुहेरी शिलाई आणि बाजूला खिसा.

"बाबा, सीटला खिसा?" लेक म्हणाली.

"मग रुमाल कुठं ठेवशील?"

मध्येच रंग वाळायची वाट बघायची म्हणून त्यांनी गुंडीसाठी अंगणात खेळायचं घर बांधलं. कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर आलेल्या लाकडी खोक्यांच्या फळ्या, वर जुन्या ताडपत्रीचं छप्पर, एक खिडकी, एक दार. शिंप्याचंच घर ते. फळ्या ठोकायच्या आधी त्यांनी वर्तमानपत्राचा कागद कापून अंगणात घर टाचून पाहिलं होतं. ते वाऱ्यानं उडालं आणि शेजारच्या भिंतीवर जाऊन बसलं. गुंडी म्हणाली, "आजोबा, आपलं घर गावाला गेलं."

दार छान झालं होतं, फक्त बंद राहायचं नाही. कडीला भोक होतं, भोकात घालायला काही नव्हतं.

आता माझा अपराध. माझे आटे धारदार. आठ महिने चादर हलायची, मी हलायचो, आणि माझाच आटा माझाच दोरा कातरत होता. एका दुपारी तो तुटला. मी खाली चिंध्यांच्या ढिगात पडलो, आवाजसुद्धा झाला नाही. बोल्टानं पडावं तर खणकन पडावं, म्हणजे लोक धावतात. मी पडलो तो मऊ.

गुंडीनं मला उचललं. मास्तर तेव्हा चाकापाशी पाठमोरे बसले होते, ओठांत पाच स्क्रू. ती म्हणाली, "आजोबा, हे माझ्या दाराला घेऊ?"

मास्तर म्हणाले, "हं."

पाच स्क्रू ओठांत असताना माणूस दुसरं काय म्हणणार?

असा मी खेळघराची कडी झालो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. ऊन अंगावर यायचं. दार उघडताना गुंडी मला काढायची, आत गेली की परत घालायची आणि मला सांगायची, "चोर आले तर ओरड." इतक्या विश्वासानं माझ्याशी आधी कुणी बोललं नव्हतं.

पण तिथूनच मला दुकानही दिसायचं. मास्तर एकेक बोल्ट चादरीवरून छोट्या कात्रीनं कापून घेत होते आणि गाडीत बसवत होते. पुढचं चाक झालं, इंजिन झालं, मागचं चाक झालं. माझी पट्टी त्यांनी जागेवर ठेवली. ती नुकती रंगवलेली, रंग ओला, तशीच चिकटून बसली. काळ्या पट्टीत काळं भोक, आणि बघणारे मास्तरांचे डोळे. ते चादरीकडं वळले. चादर रिकामी होती.

"झाली," ते म्हणाले.

मी ओरडलो असतो. गुंडीनं मला तेच काम दिलं होतं. पण बोल्टाला आवाज असतो तो चालत्या गाडीत सैल झाल्यावर, आणि मी तर नुसता दाराच्या भोकात लोंबकळत होतो.

गॅरेजवाल्यानं गल्लीत हळूच एक चक्कर मारली. गाडी गुरगुरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरीणबाई त्या टाळ्यांची वाटच बघत होत्या. त्याच दिवशी त्यांनी भिंतीवरची चादर ओढून काढली आणि धुवायला नेली.

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक गाडीवरून टेकडीपलीकडं जाणार होती. टेकडीचा तो उतार मला ठाऊक आहे. तरुणपणी आम्ही तिथून खूपदा उतरलोय. तिथं मागचा ब्रेक दाबतच यावं लागतं. मी दाराच्या कडीत बसून तेवढाच विचार करत होतो.

दुपारी मास्तर हातपाय धुऊन, नवा सदरा घालून खेळघरात पाहुणे म्हणून आले. गुंडी आतून म्हणाली, "थांबा हं, कडी काढते." तिनं खिडकीतून हात बाहेर काढून मला ओढून घेतलं आणि मास्तरांच्या हातात दिलं. "हे धरा जरा. दाराशी पाहुणे आलेत."

मास्तरांनी मला सहज धरलं. मग अंगठा माझ्या डोक्यावरून फिरवला. मग चष्मा पुसून पुन्हा घातला.

"गुंडे, हे कुठलं?"

"तुम्हीच दिलंत."

"मी?"

"मी विचारलं, तुम्ही हं म्हणालात."

मास्तर तिथंच खाली बसले, नव्या सदऱ्यानिशी. त्या खेळघरात बोल्ट लागतच नव्हते, सगळे खिळे होते. त्यांना लगेच कळलं की मी कुठला आहे. कुठला म्हणजे गाडीतला, एवढंच. गाडीत नेमका कुठला, ते चादरीला ठाऊक होतं.

त्यांनी हाक मारली. "अगं, चादर आण."

"कुठली?"

"बोल्टांची."

"ती गुरुवारीच धुतली. तुम्हीच म्हणालात, झाली."

"आणि रेघा?"

"खडूच्या रेघा राहतात का? दोनदा साबण लावलाय मी."

लेक बाहेर आली, गॅरेजवाला चहाच्या वेळेवर आलाच होता. त्यानं मला तळहातावर उडवलं आणि हसला. "मास्तर, एक उरतोच. प्रत्येक गाडीत उरतो. माझ्याकडं डबा भरलाय."

"त्या गाड्या चालवतं कोण?"

"गिऱ्हाईक."

"ही माझी लेक चालवणार आहे."

गॅरेजवाल्यानं मला खाली ठेवलं.

लेक म्हणाली, "बाबा, गाडी छान चालतेय. उद्या माझा पहिला दिवस आहे. उशिरा गेले तर लोक पहिल्याच दिवशी नावं ठेवतील. परवा बघा ना सावकाश."

"किल्ली मिळायची नाही."

"तुम्ही शब्द दिला होतात."

"दिला होता. चाळीस वर्षं कपडे शिवले, एक बटण कधी उरलं नाही. उरलं असतं तर सदरा उसवला असता. ही पण उसवतो."

"संध्याकाळपर्यंत? आठ महिन्यांचं काम?"

मास्तरांनी पाना घेतला. लेक आत गेली आणि तिनं दार जरा जोरात लावलं. मास्तर गाडीशी बसले, पण हात चालेना. सुरुवात कुठून करायची तेच कळेना. गुंडी खेळघराच्या खिडकीतून बघत होती. तिला वाटलं सगळं तिच्यामुळं झालं, आणि तिचा ओठ थरथरायला लागला. मला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं की, बाळ, तुझं काही नाही, माझाच आटा धारदार.

इतक्यात मास्तरीणबाई तरातरा बाहेर आल्या, हातात घडी केलेली चादर. त्या मदतीला आल्या नव्हत्या. भांडायला आल्या होत्या.

"सगळे आपापलं रडगाणं गातायत, माझं कोण ऐकतंय? रेघा गेल्या रेघा गेल्या करताय. नुसत्या रेघा गेल्या. तुमचे डाग कुठं गेले? हे बघा. पाहुण्यांची चादर माझी." आणि त्यांनी ती फाडकन झटकून अंगणातल्या दोरीवर टाकली.

ऊन मागून होतं. चादर उजळली.

चादरीवर तेलाचे फिके डाग होते, प्रत्येक बोल्टाचा एक. पुढं गोलात काही, मागं गोलात काही, मध्ये इंजिनपाशी दाटी. रेघ एकही नव्हती, तरी अख्खी मोटारसायकल उभी होती. गुंडी म्हणाली, "आजोबा, गाडीचं भूत."

मास्तर उठले. डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी बोट लावलं. एकेका डागावरून बोट फिरवत गेले. शिंपी दोरा कापतो तो मुळापाशी कापतो, टोक ठेवत नाही, आणि मागची गाठही काढून टाकतो. सगळे डाग गुळगुळीत लागत होते. पुढचं चाक गुळगुळीत. इंजिन गुळगुळीत. मागच्या चाकापाशी बोट थांबलं.

"हा दोरा मी कापलेला नाही," मास्तर म्हणाले. "हा तुटलाय."

तिथं माझ्या दोऱ्याचं टोक होतं. पिंजलेलं, दोन धुण्यांतून टिकलेलं. चार वेढे आणि मागं गाठ, साबणाला थोडंच जुमानणार.

टेप आली. चाकाच्या मध्यापासून त्या टोकापर्यंतचं माप चादरीवर घेतलं, तेच गाडीवर धरलं. मास्तरांनी त्या जागी काळ्या पट्टीवर अंगठा दाबला. वाळलेला रंग टक् करून सुटला आणि पट्टी खाली लोंबली.

गॅरेजवाला वाकून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "मास्तर, हा तर ब्रेकचा. त्या उतारावर जर..." चहाचा कप त्यानं नीट खाली ठेवला.

लेक दारात येऊन उभी राहिली होती. ती गाडीजवळ आली, लोंबती पट्टी एका बोटानं हलवून पाहिली. मग बापाशेजारी जमिनीवर बसली आणि तेरा नंबरचा पाना त्यांच्या हातात दिला.

"बाबा, मी धरते. तुम्ही आवळा."

मला बसवायच्या आधी मास्तरांनी एक गंमत केली. पेटीतला लाल दोरा काढला आणि माझ्या डोक्याखाली चार वेढे देऊन गाठ मारली. गॅरेजवाला म्हणाला, "याचा काही उपयोग नाही, मास्तर." मास्तर म्हणाले, "तुझ्यासाठी नाही. माझ्या समाधानासाठी." आणि मला माझ्या भोकात घातलं, एकेक आटा करत.

गुंडी मात्र रडायला लागली. "माझ्या घरात आता चोर येतील." मास्तरांनी तिच्या दाराला कोटाचं मोठं बटण लावलं आणि चौकटीला दोऱ्याचा फासा केला. ती आता घर लावत नाही, सदऱ्यासारखं घालते. बाहेर जाताना म्हणते, "आजी, माझ्या घराचं बटण लाव गं."

सोमवारी सकाळी किल्ली लेकीच्या हातात पडली. साडेसहाला ती निघाली, सीटच्या खिशात रुमाल ठेवून. उतारावर तिनं ब्रेक दाबला. सगळा भार माझ्यावर आला. जुना भार. मी तो धरला.

पुढच्या रविवारी गॅरेजवाला आला, उरलेल्या बोल्टांचा डबा काखेत घेऊन. दोन कप चहा प्यायला. शेवटी म्हणाला, "वहिनी, एखादी जुनी चादर आहे का?" मास्तरीणबाईंनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की तो बशीसकट बाहेर गेला.

आता मी असा आहे. लाल दोरा धुळीनं काळा झालाय, पण सुटला नाही. मास्तर दर रविवारी बोट फिरवून मी आहे का बघतात. डोळ्यांनी बघत नाहीत. आणि ती डागांची चादर पुन्हा दुकानाच्या भिंतीवर आहे. पाहुणे आले की मास्तरीणबाईच त्यांना दाखवायला नेतात.

तुमच्या घरीही एखाद्या डब्यात माझ्यासारखा एक असेल. तो काही मागणार नाही, आम्हाला मागायची सवय नाही. पण कधी सवड झाली तर त्याला हातात घ्या, डोक्यावरून अंगठा फिरवा आणि विचारा, बाबा, तू कुठला?

मला आता थांबायला हवं. संध्याकाळ होत आली आणि आमची गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचलीय, गुंडी तिथंच वर चढते. घराच्या दाराशी लेक मुद्दाम जोरात ब्रेक दाबते, मास्तर दाबायचे तसा. पुढं टाकीवर बसलेली गुंडी खिदळते. बघता बघता सांधे दुखायचं वय झालं माझं, पण तेवढ्या एका ब्रेकाला मी कधी नाही म्हणत नाही.